शिमेवरचा कचरा

गोव्यात एका गावातून दुसऱ्या गावात शिरताना हद्द कुठे बदलली हे कळण्यासाठी हल्ली फलक वाचावा लागत नाही. एका गावची घरे संपतात, पुढच्या गावची अजून सुरू झालेली नसतात, मध्ये एखादे वळण, एखादा व्हाळ किंवा काजूचे ओसाड भाट असते. नेमक्या त्या ठिकाणी रस्त्याच्या कडेला काळ्या-निळ्या पिशव्यांची रांग दिसू लागते. फुटलेला कमोड, जुनी गादी, बियरच्या बाटल्या, कोंबड्यांची पिसे, बांधकामाची माती. शीम आली असे समजावे!

मराठीत जिला आपण शीव म्हणतो तिला गोव्यात शीम म्हणतात. या शिमेला आपल्या लोकजीवनात फार मोठे स्थान होते. गावाचे ग्रामदैवत देवळात असायचे, पण गावाचा राखणदार शिमेवर. कुठे तो वडाखाली, कुठे पाषाणरूपात, कुठे नुसत्या वारुळाच्या जागी. त्याला रोट, केळी, विडी, कुठे फेणी द्यायची. देवचार रात्री हातात दांडा घेऊन शिमेवरून फेरी मारतो आणि गावाचे रक्षण करतो ही श्रद्धा हिंदूंत आहे तशी अनेक ख्रिस्ती घरांतही आहे. वेताळाला चामड्याच्या वहाणा अर्पण करण्याची प्रथा आपल्याला ठाऊक आहे. त्या वहाणा झिजल्या म्हणजे वेताळ रात्री गावभर फिरला, असे लोक मानतात. श्रद्धेचा भाग क्षणभर बाजूला ठेवला तरी एक गोष्ट उरते. जिथे माणसाची नजर पोहोचत नाही, तिथे गावाने कुणाची तरी नजर ठेवली होती.

पण याच शिमेशी जोडलेला आणखी एक आचार आहे आणि तो तितकासा सुखावह नाही. पटकीची किंवा देवीची साथ आली की घाटावरच्या गावांत मरीआईचा गाडा काढीत. पूजा करून, नैवेद्य दाखवून तो गाडा गावाच्या वेशीबाहेर आणि शिवेपलीकडे लोटून देत. म्हणजे तो पुढच्या गावच्या हद्दीत जाई. त्या गावचे लोक काय करणार? तेही पूजा करीत आणि गाडा आणखी पुढे लोटीत. कोकणातही गावची पीडा शिमेबाहेर घालवण्याचे विधी आहेत. आपले संकट दुसऱ्याच्या हद्दीत गेले की आपण सुटलो, ही समजूत त्यामागे आहे. आजच्या प्लॅस्टिकच्या पिशवीचा प्रवास पाहिला की मला हमखास मरीआईचा गाडा आठवतो. फरक एवढाच की गाडा वाजतगाजत जात असे. पिशवी रात्री अकरानंतर, स्कूटरच्या पायाशी ठेवून जाते.

मग पूर्वी गावात कचरा नव्हता काय? होता. पण त्याचे रूप वेगळे होते, आणि मुख्य म्हणजे त्याला धनी होता. मराठीतला ‘केर’ आणि कोकणीतला ‘कोयर’ हे एकाच कुळातले शब्द आहेत. केर म्हणजे झाडून गोळा केलेली धूळ, पाने, काटक्या. यातले काहीही परसाच्या बाहेर जात नसे. पालापाचोळा आणि राख माडाच्या आळ्यात, शेण खताला, उष्टे-खरकटे गुरांना किंवा डुकरांना, करवंट्या चुलीत, चिंधी गोधडीत. उकिरडा ही गलिच्छ जागा असली तरी ती शेतकऱ्याची मालमत्ता होती. वर्षाच्या शेवटी त्यातून खत निघे आणि ते शेतात जाई. बारा वर्षांनी उकिरड्याचेही पांग फिटतात, अशी म्हण आपल्याकडे उगीच पडलेली नाही. ज्याचे पांग फिटायचे त्याला काही मोल असावे लागते. आजच्या कचऱ्याच्या डोंगराला बारा काय, चाळीस वर्षे झाली तरी त्याचे पांग फिटत नाहीत.

घराबाहेरच्या जागेचा धनी गांवकारी. पोर्तुगीज येण्याच्या कितीतरी आधीपासून ही संस्था गोव्यात होती. पुढे पोर्तुगीजांनी तिला कोमुनिदाद म्हटले आणि आफोंसु मेशिया याने १५२६ साली ‘फोराल’मध्ये तिचे चालत आलेले रिवाज लिहून काढले. गावाची पडीक जमीन, डोंगर, तळी, वाटा, खाजनाचे बांध या सर्वांची व्यवस्था गांवकार एकत्र बसून करीत. खाजन शेती म्हणजे तर सामूहिक जबाबदारीचा वस्तुपाठच. बांध एका जागी फुटला तरी खारे पाणी सगळ्यांच्या शेतात शिरते. मानशीचे दार वेळेवर उघडले-मिटले नाही तर नुकसान एकाचे होत नाही. त्यामुळे बांधाला भोक पडलेले दिसले की ते सांगणे हे प्रत्येकाचे काम होते. ‘मला काय त्याचे’ म्हणून पुढे जाणारा माणूस स्वतःचेच शेत बुडवीत असे.

ही व्यवस्था आदर्श होती असे मला सुचवायचे नाही. गांवकारीत सगळ्यांना स्थान नव्हते. स्त्रियांना नव्हते, आणि गावाची घाण ज्यांच्या हातांनी दूर केली जाई त्यांना तर मुळीच नव्हते. मेलेले ढोर ओढण्याचे काम ज्यांच्या माथी मारले होते, त्यांची वस्ती गावाने शिमेजवळच ढकललेली होती. घाण आणि ती काढणारा माणूस या दोघांनाही हद्दीवर ठेवायचे, ही आपली जुनी सवय. ती अजून गेलेली नाही.

आता खेड्यातून शहरात येऊ. गोव्याच्या इतिहासातला घाणीचा सर्वांत मोठा धडा जुन्या गोव्याने दिला आहे. आल्बुकेर्कने १५१० मध्ये हे शहर घेतले आणि लिस्बनच्या धर्तीवर तिथे नगरसभा, म्हणजे सेनादु द कामारा, स्थापन केली. पोर्तुगीज पद्धतीच्या नगरसभेत ‘आल्मोतासे’ नावाचा अधिकारी असे. बाजारातली वजने-मापे, भाव आणि रस्त्यांची स्वच्छता ही त्याची कामे. हा शब्द मूळचा अरबी, म्हणजे मुसलमानी राजवटीतला ‘मुहतसिब’च. घाण करणाऱ्याला दंड करणारा माणूस त्या शहरात होता. तरीही शहर घाणीने पोखरले गेले.

१५४३ साली गोव्यात एक भयंकर साथ आली. गास्पार कोरैया या इतिहासकाराने तिचे वर्णन केले आहे. पोटात कळ, उलट्या, पेटके, आणि काही तासांत मृत्यू. रोगाचे नाव त्याने स्थानिक लोकांकडून ऐकले तसे लिहिले, ‘मोरिशी’. वीस वर्षांनी, १५६३ मध्ये, गार्सिया द ओर्ता या वैद्याचा वनौषधींवरील संवादग्रंथ गोव्यातच छापला गेला. त्यातही हा रोग आहे. नाव अर्थातच आपले ‘मोडशी’. आज आपण साध्या अपचनाला मोडशी म्हणतो, पण त्या काळी तो शब्द पटकीसाठी होता. पुढे फ्रेंचांनी त्याचा आपल्या भाषेत ‘कुत्र्याचे मरण’ अशा अर्थाचा अपभ्रंश केला आणि तो युरोपच्या वैद्यकीय ग्रंथांतही शिरला! लक्षणांवरून ही पटकीच असावी असे बहुतेक अभ्यासक मानतात.

कोरैयाने सांगितलेली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. रोज इतकी माणसे मरू लागली की प्रेतयात्रेच्या घंटा सारख्या वाजत राहिल्या. लोक घाबरले. तेव्हा गव्हर्नर मार्तिम आफोंसु द सोझा याने मृतांसाठी घंटा वाजवण्यास मनाई केली. घंटा थांबल्या. साथ काही थांबली नाही.

पटकी दूषित पाण्यातून पसरते हे तेव्हा कुणाला ठाऊक नव्हते. लंडनमध्ये जॉन स्नोने ते १८५४ साली दाखवून दिले आणि रॉबर्ट कोखने १८८४ मध्ये कलकत्त्यात तिच्या जंतूवर शिक्कामोर्तब केले. त्या माहितीनंतर जुन्या गोव्याकडे पाहिले तर चित्र स्पष्ट होते. सच्छिद्र जांभ्या दगडाची जमीन, दाट वस्ती, मैला वाहून नेण्याची सोय नाही आणि घरोघरी विहिरी. वरचे खाली झिरपत होते आणि खालचे लोक पीत होते. ज्यांना परवडत होते ते बाहेरून पाणी आणवीत. सोळाव्या शतकाच्या अखेरीस गोव्यात राहिलेला लिन्शोटेन आणि १६०८ ते १६१० च्या दरम्यान इथे असलेला फ्रेंच प्रवासी पिरार द लाव्हाल हे दोघेही शहराबाहेरच्या एका झऱ्याचे नाव घेतात. हा झरा बायंगिणीचा. गुलाम तिथून घागरी भरून आणीत आणि शहरात ते पाणी विकीत.

साथी येत राहिल्या, हिवताप ठाण मांडून बसला, व्यापारही डचांनी हिरावला. १६९५ मध्ये व्हाइसरॉयने जुने गोवे सोडून पणेलीला मुक्काम हलवला, १७५९ मध्ये तो पणजीला गेला आणि १८४३ मध्ये पणजी अधिकृत राजधानी झाली. एवढी मोठी चर्चे, एवढे वाडे, आणि माणसांनी मात्र शहर टाकले. कारणे अनेक होती, पण स्वतःच्याच घाणीने आजारी पडलेले शहर असे जुन्या गोव्याचे वर्णन केले तर ते चुकीचे ठरू नये.

आणि योगायोग पाहा. ज्या बायंगिणीचे पाणी पिऊन जुने गोवे जगले, त्याच बायंगिणीत पणजीसाठी कचरा प्रक्रिया प्रकल्प उभारण्याचा वाद या शतकाच्या पहिल्या दशकापासून चालत आला. लोकांचा विरोध, जवळची वस्ती, जागतिक वारसा ठरलेली चर्चे, न्यायालये... दोन दशके तेच. पणजीचा कचरा त्याआधी कुडक्याच्या पठारावर जात असे. तिथल्या लोकांनी आवाज उठवला, तेही न्यायालयापर्यंत गेले. मरीआईचा गाडा पुढच्या शिमेकडे निघाला, इतकेच.

तसे पाहिले तर पणजी वसली तीच दलदल बुजवून. दों मान्युएल द पोर्तुगाल ई काश्त्रु याने १८२७ ते १८३५ या आपल्या कारकिर्दीत खाजणे भरून सरळ रस्ते आखले. त्या रचनेत पाणी वाहून जाण्यासाठी खाड्या राखलेल्या होत्या. सांतिनेजचा नाला ही त्यांतलीच एक. आज त्याला नाला म्हणायची वेळ आली यातच सगळे आले. जे वाहते ते आपोआप घाण नेईल, या भरवशावर आपण प्रत्येक वाहत्या पाण्याचे गटार केले.

१९६१ साली गोवा मुक्त झाला. त्यानंतरच्या तीस-चाळीस वर्षांत तीन गोष्टी एकाच वेळी घडल्या, आणि त्या एकत्र पाहिल्याशिवाय शिमेवरचा कचरा समजत नाही. पहिली, जमिनीचा धनी बदलला. १९६४ चा कूळ कायदा आणि १९७६ ची पाचवी दुरुस्ती यांमुळे कसणाऱ्याला हक्क मिळाला. ते न्यायाचेच झाले. पण बांध, पोयी, सामाईक पडीक जागा यांची व्यवस्था पाहणारी कोमुनिदाद दुबळी झाली आणि तिची जागा पूर्णपणे कुणी घेतली नाही. दुसरी, शेती परवडेनाशी झाली. पडीक शेतात मातीचा भराव टाकला तर पुढे तिथे घर किंवा दुकान उठवता येते, हे गणित लोकांच्या ध्यानात आले. त्यामुळे बांधकामाची माती आणि विटा-फरशांचे तुकडे खाजनात नि खारफुटीत टाकणे हा निव्वळ निष्काळजीपणा उरला नाही, तो धंदा झाला. तिसरी गोष्ट म्हणजे प्लॅस्टिक. आळ्यात टाकले तर कुजत नाही, गुराने खाल्ले तर गूर मरते, जाळले तर विषारी धूर होतो. परसात जिरणारा केर संपला आणि परसाबाहेर घालवावा लागणारा कचरा जन्माला आला. त्यात पर्यटन वाढले, हॉटेले वाढली, मुंडकाराच्या घरापासून भाटकाराच्या वाड्यापर्यंत सगळीकडे भाडेकरू आले, हमरस्त्यांलगत भंगार अड्डे उभे राहिले.

पालिकांनी यावर शोधलेला उपाय तोच जुना, शिमेवर नेऊन टाकण्याचा. मडगावचा कचरा सोनसडोला गेला, म्हणजे कुडतरी आणि राय या गावांच्या हद्दीला. कळंगुट-कांदोळी पट्ट्यातला साळगावच्या पठारावर. वर्षानुवर्षे तिथे ढीग साचले. पठारावर टाकलेले पावसात खाली झिरपते, हे जुन्या गोव्याने चारशे वर्षांपूर्वी दाखवून दिले होते. विहिरींचे पाणी बिघडले अशी पठाराखालच्या लोकांची तक्रार होती. २०१९ च्या मे महिन्यात सोनसडोचा ढीग पेटला आणि कित्येक दिवस धुमसत राहिला. मडगावकरांना आपला कचरा कुठे जातो हे त्या धुराने घरबसल्या कळवले.

सगळेच वाईट झाले असे नाही. पणजीने २००३ च्या सुमारास रस्त्यांवरच्या कुंड्या काढून दारोदारी कचरा गोळा करण्याची पद्धत आणली आणि पुढे वर्गवारीत देशात नाव कमावले. साळगावला, जिथे उघडा ढीग होता तिथेच, २०१६ साली आधुनिक प्रकल्प सुरू झाला. ओल्या कचऱ्यातून तिथे वायू आणि वीज तयार होते. आरंभी त्याची क्षमता रोजची १०० टन होती, नंतर ती २५० टनांपर्यंत वाढवण्यात आली. दक्षिणेत काकोड्यालाही प्रकल्प उभा राहिला. तरीदेखील शिमेवरच्या पिशव्या संपल्या नाहीत. कारण प्रकल्पात तोच कचरा पोहोचतो, जो कुणीतरी आपला म्हणून हातात धरून देतो. फेकलेला कचरा बेवारशी असतो.

कायदे नव्हते म्हणून असे झाले म्हणावे, तर तेही खरे नाही. रस्त्यात घाण टाकणाऱ्याला दंड कौटिल्याच्या अर्थशास्त्रातही आहे. केर टाकला तर एक अष्टमांश पण, चिखल-पाणी साचवले तर पाव पण, राजमार्गावर केले तर दुप्पट. गोव्याने १९९६ सालीच अविघटनशील कचऱ्याच्या नियंत्रणाचा कायदा केला. केंद्राचे घनकचऱ्याचे नियम २००० साली आले, २०१६ साली ते अधिक कडक झाले. बांधकामाच्या कचऱ्यासाठी त्याच वर्षी वेगळे नियम झाले. गोव्यात कचरा व्यवस्थापन महामंडळही २०१६ च्या कायद्याने झाले. मग अडते कुठे? माझ्या मते अडते ते सांगण्यापाशी. पिशवी टाकताना कुणीतरी पाहतो, पण तो बोलत नाही.

आपण का बोलत नाही? याला शेजारधर्म, भीड, भीती अशी अनेक कारणे आहेत. पण गोव्यापुरते आणखी एक कारण असावे असे मला वाटते. या भूमीने १५६० पासून १८१२ पर्यंत, मधली चार वर्षे सोडली तर, इन्क्विझिशन पाहिले आहे. शेजाऱ्याने शेजाऱ्याविरुद्ध गुपचूप सांगायचे, आरोपीला साक्षीदाराचे नाव कळायचे नाही, आणि घरात तुळस आहे की नाही यावरून माणूस उचलला जायचा. मुक्तिपूर्व दशकात सालाझारच्या गुप्त पोलिसांनी तेच केले. अशा भूमीत ‘नाव सांगणे’ या क्रियेला वाईट वास चिकटला तर नवल नाही. तक्रार करणाऱ्याला आजही लोक चुगलखोर म्हणतात. परंतु चुगली आणि तक्रार यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. चुगली अंधारात होते, सत्तेला खूश करण्यासाठी होते, आणि जिच्याविरुद्ध होते तिला उत्तर देता येत नाही. तक्रार उजेडात होते, आपल्या नावाने होते आणि समोरच्याला आपली बाजू मांडता येते. बांधाला भोक पडले आहे असे ओरडून सांगणारा कुळवाडी चुगलखोर नव्हता.

एका तक्रारीने काय होऊ शकते याची दोन उदाहरणे देतो. दोन्ही गोव्याबाहेरची आहेत, पण त्यांचा फायदा आपल्यालाही मिळाला आहे.

पहिले माळव्यातले, रतलामचे. तिथल्या बारा क्रमांकाच्या वॉर्डातील न्यू रोडचे रहिवासी उघडी गटारे, रस्त्यावरचा मैला आणि मद्यार्क कारखान्याचे दुर्गंधीयुक्त पाणी यांना कंटाळले. ते फौजदारी संहितेच्या कलम १३३ खाली दंडाधिकाऱ्याकडे गेले. दंडाधिकाऱ्याने नगरपालिकेला गटारे बांधण्याचा हुकूम दिला. सत्र न्यायालयाने तो फिरवला, उच्च न्यायालयाने पुन्हा कायम केला. नगरपालिका सर्वोच्च न्यायालयात गेली. तिचे म्हणणे एकच होते, आमच्याकडे पैसा नाही. १९८० च्या जुलैमध्ये न्यायमूर्ती कृष्ण अय्यर आणि चिन्नप्पा रेड्डी यांनी ते धुडकावले. सार्वजनिक आरोग्य राखणे हे पालिकेचे मूळ कर्तव्य असून पैशाची सबब चालणार नाही, असे त्यांनी ठरवले. एका मोहल्ल्याची तक्रार देशाचा कायदा बनली. ते जुने कलम १३३ आता नव्या नागरिक सुरक्षा संहितेत, १ जुलै २०२४ पासून, कलम १५२ झाले आहे. क्रमांक बदलला, हक्क तोच आहे.

दुसरे बंगळूरचे. शहराबाहेरच्या आपल्या गावच्या रस्त्यालगत आणि पाणथळीत महापालिकेचा कचरा पडू लागला, बेडकांचा आवाज बंद झाला, म्हणून आल्मित्रा पटेल या अभियंता बाईंनी चौकशी सुरू केली. शहरांकडे कचरा टाकायला रीतसर जागाच नाही, हे त्यांच्या लक्षात आले. १९९६ साली त्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या. त्यातून समिती नेमली गेली, १९९९ मध्ये तिचा अहवाल आला आणि २००० सालचे देशव्यापी नियम निघाले. पुढे हे प्रकरण हरित लवादाकडे गेले आणि डिसेंबर २०१६ च्या निकालाने उघड्यावर कचरा जाळणाऱ्याला दंड ठरला. साधा कचरा असेल तर पाच हजार रुपये, मोठ्या प्रमाणावर असेल तर पंचवीस हजार. वीस वर्षे लागली. पण सुरुवात शिमेवरच्या कचऱ्यापासूनच झाली होती.

मग आपण काय करावे? मोठ्या याचिका सगळ्यांना जमत नाहीत. पण रीतसर तक्रार जमते. ‘अमुक ठिकाणी घाण आहे’ एवढे पुरत नाही. तारीख, वेळ, जागा आणि छायाचित्र हवे. रात्री कचरा टाकणाऱ्या वाहनाचा क्रमांक दिसला तर तो टिपावा. मात्र एकट्याने वाहन अडवण्याच्या भानगडीत पडू नये. ज्या जागेत कचरा पडतो तिचा सर्वे क्रमांक काढावा आणि एक-चौदाचा उतारा पाहावा. जागा कोमुनिदादीची आहे, सरकारी आहे की खाजगी, हे त्यात कळते, आणि मग ‘ही जागा आमच्याकडे येत नाही’ हे पंचायतीचे ठेवणीतले उत्तर चालत नाही. अर्ज पंचायतीला किंवा पालिकेला द्यावा, त्याची प्रत गटविकास अधिकारी आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाला द्यावी. खाजनात किंवा खारफुटीत भराव असेल तर मामलेदार आणि किनारी क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणालाही. प्रत्येक प्रतीवर पोच म्हणून शिक्का घ्यावा. महिनाभर काही हालले नाही तर माहिती हक्काखाली ‘माझ्या अमुक तारखेच्या अर्जावर काय कारवाई केली’ एवढाच प्रश्न विचारावा. माहिती हक्काचा कायदा देशात २००५ साली आला, पण गोव्याने आपला कायदा १९९७ सालीच केला होता, हे आपण विसरतो.

आणि ग्रामसभा. जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबर या चार महिन्यांतल्या एखाद्या रविवारी ती भरते. गांवकारीत ज्यांना बसायला जागा नव्हती त्या सर्वांना इथे आहे. स्त्रियांना, कुळांना, मुंडकारांना, मतदारयादीत नाव असलेल्या प्रत्येकाला. एकट्याच्या तक्रारीवर दबाव येतो, तोंडे वाकडी होतात, प्रसंगी धमकीही मिळते. दहा-पंधरा जणांनी मिळून मांडलेला आणि इतिवृत्तात नोंदवून घेतलेला ठराव सहजी दडपता येत नाही. इतिवृत्त पुढच्या सभेत वाचून दाखवतात. आपले वाक्य त्यात आले आहे की नाही, हे ऐकायला पुढच्या सभेलाही जावे.

एक गोष्ट मात्र जपायला हवी. कचऱ्याचा विषय निघाला की आपले बोट लगेच ‘भायल्यां’कडे वळते. भंगार गोळा करणारा, मजूर, पर्यटक. त्यांतही दोषी असतात. पण शिमेवरच्या पिशव्या उघडून पाहिल्या, आणि काही पंचायतींनी पाहिल्या आहेत, की आतून विजेचे बिल, औषधाची चिठ्ठी, मुलाची वही निघते. नावगाव चांगल्या घरचे असते. ज्या भंगारवाल्याला आपण नावे ठेवतो, तो निदान बाटल्या आणि पुठ्ठा वेचून नेतो. त्याच्यावर आळ घालण्यापूर्वी पुरावा पाहावा. पुराव्याशिवाय केलेली तक्रार ही पुन्हा चुगलीच.

आज अनेक गावांत राखणदाराच्या थळाशेजारीच कचरा पडलेला दिसतो. रोट ठेवायला जाणारा माणूस पिशव्या ओलांडून जातो आणि हात जोडून परत येतो. काही ठिकाणी लोकांनी कचरा पडू नये म्हणून देवादिकांच्या तसबिरी भिंतीवर लावल्या. त्यांच्याच पायाशी पिशव्या साचल्या. राखणदाराने पाहायचे ते पाहिले असणार. पण ग्रामसभेत उठून बोलणे त्याला जमणार नाही, ते काम आपले आहे. पुढची सभा ऑक्टोबरात असेल, नाहीतर जानेवारीत. सर्वे क्रमांक तेवढा आधी काढून ठेवावा.